गाडी आमची, कुलूप कंपनीचं

जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्याला आपल्याकडे दोनपैकी एक विशेषण चिकटतं. पुरुष असेल तर कंजूष, बाई असेल तर आगाऊ. मी उर्दू आणि मराठी शिकवते, बदलापूरच्या खरवईत राहते आणि 2008 सालची एक छोटी पेट्रोल गाडी वापरते. मला दोन्ही विशेषणं मिळून चुकली आहेत. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, प्लग, कूलंट, बॅटरी, बल्ब, वायपर एवढी कामं मी बिल्डिंगखाली स्वतः करते. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्टला हात लावत नाही, ती उस्तादाची कामं. तरीही ‘मॅडम, साहेबांना पाठवा’ हे वाक्य पार्टच्या दुकानात इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं काही वाटत नाही.

गंजाचंही काही वाटत नाही. आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो. जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, ते चित्र अनेकांना आठवत असेल. अशा हवेत उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा बोल्ट गंजतो. रात्री त्यावर तेल सोडून ठेवायचं, सकाळी पाना लावायचा, आणि नेमके आटे जातात किंवा बोल्टचं डोकं गोल होऊन पाना नुसता फिरत राहतो. बोटांची सालं निघतात, रविवार जातो. पण लोखंड पावसात गंजणारच. त्याचा दोष कुणाला द्यायचा?

दोष द्यायचा तो माणसांनी ठरवून केलेल्या अडवणुकीला. तिचे तीन नमुने सांगते.

पहिला नमुना गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेचा. ती जाडजूड असते. सीट मागे कशी सरकवायची आणि रेडिओ कसा लावायचा, हे तिच्यात सचित्र असतं. पण गाडी बिघडल्यावर उघडली की बहुतेक पानांवर उत्तर एकच: अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. कुठला बोल्ट किती ताकदीने आवळायचा, कुठली वायर कुठे जाते, हे सगळं वर्कशॉप मॅन्युअल नावाच्या दुसऱ्या पुस्तकात असतं. ते गाडी विकत घेणाऱ्याला मिळत नाही.

दुसरा नमुना सुट्या भागांचा. माझ्या गाडीच्या दाराच्या लॉकमधली दोन बोटांएवढी प्लास्टिकची खुंटी तुटली. एका अधिकृत केंद्रात सांगितलं, ती सुटी येत नाही, आख्खं लॉक घ्या. बरं, लॉक द्या म्हटलं, तर ते आता येणं बंद झालंय. मग राहतो तो डुप्लिकेट माल किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात निघालेल्या गाडीचं लॉक. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा आमच्या पट्ट्यातला जुना विनोद आहे. लोक हसतात, पण अस्सल वस्तू मिळेनाशी झाली की नकलेचं दुकान चालतं, हे कुणी म्हणत नाही.

तिसरा नमुना कॉम्प्युटरचा. बिघाडाचे संकेत ठरलेल्या पद्धतीने वाचता यावेत म्हणून ओबीडी ही व्यवस्था आपल्याकडे दोन टप्प्यांत सक्तीची झाली, एप्रिल 2010 आणि एप्रिल 2013. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत कॉम्प्युटर होता, पण त्याची बोली कंपनीची खासगी. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि बाजारातला स्वस्त स्कॅनर जोडला तर तो मुका राहतो. माझ्या गाडीचं वय असं अडनिडं आहे: नुसत्या कानाने बिघाड ओळखायला ती फार नवी आणि स्कॅनरने वाचायला फार जुनी.

याच्या शेजारी कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ठेवून बघा. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सीतून ती निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांनी तिच्या काळ्या-पिवळ्या रंगावर उमाळे काढले. मला आठवतो तो डिकीत पाना-पक्कड ठेवून, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून स्वतःच गाडी चालू करणारा टॅक्सीवाला. त्याची गाडी खऱ्या अर्थाने त्याच्या मालकीची होती.

यावर ठरलेलं उत्तर येतं: बाई, गाड्या आता गुंतागुंतीच्या झाल्यात, सामान्य माणसाने हात लावला तर अपघात होईल. गुंतागुंत मला मान्य आहे. पण गुंतागुंत वेगळी आणि कुलूप वेगळं. मी वीसेक वर्षं वर्गात उभी आहे. पुस्तक कपाटात बंद केल्याने मुलाचं कुतूहल थांबत नाही, तो चुकीच्या ठिकाणाहून चुकीचं शिकतो. गाडीचंही तसंच आहे. माहिती दडवल्याने हात थांबत नाहीत, ते आंधळेपणाने चालतात. अपघाताची एवढी काळजी असेल तर बोल्ट किती आवळायचा, ते आधी छापा.

आणि हे नुसतं माझं रडगाणं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ठपका हाच होता: अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत. प्रकरण अपिलांत गेलं. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनंही होती. त्या वर्षीच्या 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू झालं. पोर्टल झालं, कायदा झाला नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी 2012 सालीच मतदान करून वाहनदुरुस्तीच्या माहितीचा हक्क मिळवला. युरोपचं उदाहरण तर आपल्याला जास्त झोंबायला हवं. आपले बीएस निकष युरोपच्या निकषांवर बेतलेले आहेत. युरो-5 आणि युरो-6 ज्या 2007 च्या नियमावलीतून आले, तिच्यात दोन गोष्टी एकत्र होत्या: धुराची मर्यादा, आणि स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देण्याचं बंधन. आपण धुराचे आकडे उचलले, तो हक्क मात्र तिकडेच ठेवून आलो.

आता भाषेचा मुद्दा, कारण तो माझ्या पोटापाण्याचा आहे. यंत्राची गोष्ट मराठीत किंवा उर्दूत नीट सांगता येत नाही, असं शिकलेली माणसं बिनधास्त बोलतात. त्यांनी एक दिवस गॅरेजात बसावं. ‘गाडी मिसिंग करते’, ‘कचरा आलाय’, ‘आटे गेले’, ‘पट्टा ओरडतोय’. प्रत्येक शब्दाला नेमका अर्थ आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे 1904 च्या सुमारास जादा चाकाची युक्ती निघाली, तिथलं नाव आपल्या मेकॅनिकने असं पचवलं की आज खेड्यातलं पोरही स्टेपनी म्हणतं. डेल्को या अमेरिकी कंपनीचं नाव तर आपल्याकडे डिस्ट्रिब्युटरचंच नाव झालं. हातात वस्तू आली की माणसं तिचा शब्द घडवतात. भाषा कधीच कमी पडली नाही. कमी पडलं ते पुस्तक.

ते नसल्याचा फटका सगळ्यात आधी कुणाला बसतो? माझ्यासारखीला रविवार वाया गेल्याचं दुःख, बाकी पगार चालू. फटका बसतो कोपऱ्यावरच्या गॅरेजला. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात मुस्लीम कामगारांचं प्रमाण ज्या धंद्यांत ठळक दिसलं, त्यात वाहनदुरुस्तीही होती. आमच्या वर्गातून आठवी-दहावीनंतर दिसेनासा झालेला मुलगा पुष्कळदा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली सापडतो. तो कानाने इंजिन ओळखतो, बोटाने टॅपिटचा गॅप सांगतो. पण नव्या गाडीच्या कॉम्प्युटरपुढे त्याला उभंच केलं जात नाही. साधन महाग, माहिती बंद, जी मिळते ती इंग्रजीत. दहा वर्षांनी त्याचा कान निरुपयोगी ठरेल आणि तेव्हा आपणच म्हणू की या मुलांना शिकायलाच नको होतं.

इथे आपल्या समाजालाही दोन शब्द सुनवायला हवेत. हुनर, कारीगर, उस्ताद हे शब्द आपण भाषणांत फार प्रेमाने वापरतो. शाळेच्या जलशात मात्र सत्कार फक्त डॉक्टर आणि इंजिनिअर झालेल्यांचा. गॅरेजवर गेलेला मुलगा म्हणजे वाया गेलेला, असाच आपला हिशेब. उर्दूत गझलेच्या व्याकरणावर किती लिहिलं गेलं! गिअरबॉक्स कसा खोलावा, यावर एक साधी पुस्तिका काढायला आपल्याला कुणी अडवलं होतं? मराठीवाल्यांनीही फार हसू नये, त्यांच्या कपाटातही ती सापडणं कठीण.

घरी काम करणाऱ्यांचीही एक जबाबदारी आहे. काढलेलं काळं तेल गटारात ओतणारा माणूस माझ्या बाजूचा नाही. वालधुनीची काय दशा झाली आहे, हे अंबरनाथ-उल्हासनगरकरांना सांगावं लागत नाही. पण मी ते तेल डब्यात भरून ठेवलं तर द्यायचं कुठे? एप्रिल 2024 पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम लागू आहेत. मग प्रत्येक शहरात एक ठिकाण दाखवा, तिथे नेऊन देऊ.

सरकारला जुन्या गाड्यांची आठवण येते ती वसुलीच्या वेळी. एप्रिल 2022 मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी 600 वरून 5,000 झाली. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ती 10,000 केली गेली. शिवाय हरित कर. कारण सांगतात प्रदूषणाचं. जुनी गाडी धूर ओकते, हे बरोबर आहे, पण त्यातही जिची देखभाल होत नाही ती जास्त ओकते. मग देखभाल स्वस्त आणि सोपी करणं हे सरकारचं पहिलं काम असायला हवं. वय मोजून पैसे घ्यायचे, आणि तब्येत सांभाळायला लागणारी माहिती कंपनीच्या कुलपात राहू द्यायची, याला धोरण म्हणत नाहीत.

मागण्या फार नाहीत. विकल्या गेलेल्या प्रत्येक गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल खुलं करा, उत्पादन बंद झालेल्या गाड्यांचं तर आधी, आणि राज्याच्या भाषेत. सुट्या भागांचे क्रमांक आणि किमती जाहीर करा. कॉम्प्युटरची बोली कोपऱ्यावरच्या गॅरेजलाही शिकवा. फी वयावर न लावता गाडीच्या तब्येतीवर लावा.

2028 मध्ये माझ्या गाडीला वीस वर्षं होतील. मी रांगेत उभी राहीन आणि दहा हजार भरीन. पावतीसोबत मला एक पुस्तक हवं आहे, मराठीत. आमच्या उस्तादासाठी एक प्रत जास्तीची, उर्दूत.