खिडकी मीच लावली होती

आमच्या भजनी मंडळाची तालीम दर गुरुवारी दुपारी चार ते सहा. आम्ही चौदाजणी. यंदा जानेवारीत माघी गणेशजयंतीच्या कार्यक्रमासाठी ती रोज सुरू झाली. जागा म्हणजे आमच्या घराची माडीवरची खोली. शेजारच्या वहिनींचा मुलगा दहावीला, त्याची पूर्वपरीक्षा आलेली. ''काकू, पेटीचा आवाज फार येतो हो,'' असं तो बिचारा अगदी अजिजीनं म्हणाला. मी लगेच उठून त्या बाजूच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. थंडीही होतीच. बायका म्हणाल्या, ''बरं झालं, ऊब आली जरा.''

आठ दिवसांत चौदापैकी नऊजणी खोकत होत्या. बाकीच्या चार दिवसांत सावरल्या, पण आमच्या आक्का, वय वर्षे एकाहत्तर, मंडळातला सर्वांत खणखणीत आवाज, त्यांना न्यूमोनिया झाला. तीन दिवस ऑक्सिजनवर होत्या. डॉक्टरांनी फ्लू सांगितला. आक्का घरी आल्या, पण अजून एक अभंग सलग म्हणता येत नाही त्यांना. मध्येच थांबतात, छातीवर हात ठेवतात आणि आपल्यालाच हसतात. ते हसणं बघवत नाही.

आणि मग जे गावात नेहमी होतं तेच झालं. कुणीतरी आठवण काढली, की पहिल्या दिवशी अमकी खोकत होती. ''हिनंच आणलं!'' ही आमची अंगणवाडीत मदतनीस आहे. दिवसभर पन्नास शेंबड्या मुलांत असते, सुट्टी घेतली तर पगाराची पंचाईत. आता ती तालमीला येत नाही. कुणी तिला ये म्हणतही नाही.

मैत्रिणींनो, नेमकं कुणाकडून कुणाला लागलं हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मला राहवेना. कारण आमच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली होती! प्रत्येक जण हात चोळून आत येत होती, प्रसादसुद्धा चमच्यानं वाटत होतो. मग चुकलं कुठे?

वाचता वाचता एक गोष्ट हाती लागली आणि अंगावर काटाच आला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या गायकवृंदाची १० मार्च २०२० रोजी चर्चच्या सभागृहात तालीम झाली, सुमारे अडीच तास. हजर होते ६१ जण. करोनाची कुणकुण लागलेली असल्यानं त्यांनीही दाराशी सॅनिटायझर ठेवला होता, हस्तांदोलन, गळाभेट टाळली होती. एकाला थोडं सर्दीसारखं वाटत होतं, एवढंच. पुढे त्या तालमीतले ५३ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. हात स्वच्छ होते, पण हवा तीच होती.

आपल्याला सगळ्यांना शिकवलं गेलं होतं की शिंकताना-खोकताना थेंब उडतात, ते जड असतात, हात-दोन हातांवर खाली पडतात. म्हणून अंतर ठेवा, हात धुवा. हे खोटं नाही, अर्धं आहे. मोठे थेंब पडतातच. पण त्यांच्यासोबत, नव्हे नुसत्या बोलण्यातून आणि श्वासातूनसुद्धा, डोळ्यांना न दिसणारे बारीक कण बाहेर पडतात. मोठ्यानं बोललं, गायलं, तर ते कितीतरी जास्त. हे कण खाली पडत नाहीत, हवेत तरंगत राहतात.

आपल्याला हे कळायला प्रयोगशाळा नको. स्वयंपाकघरात सुक्या मिरचीची फोडणी दिली की दोन मिनिटांत बाहेरच्या खोलीत मामंजी ठसकायला लागतात. मिरची काही उडत उडत त्यांच्या नाकावर जाऊन बसत नाही! तिचे सूक्ष्म कण हवेवर स्वार होऊन जातात. खिडकी उघडी असेल तर ठसका लवकर विरतो, बंद असेल तर तासभर घर खोकत राहतं. फ्लू, करोना, गोवर यांचे विषाणू असेच फिरतात. फरक इतकाच की त्यांचा वास येत नाही. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेतून दुसऱ्याला गोवर होऊ शकतो.

ही माहिती नवी नाही, हे मला जास्त बोचलं. अमेरिकेतले विल्यम वेल्स हे संशोधक १९३४ सालीच तरंगणाऱ्या कणांबद्दल लिहून गेले होते. पुढे वैद्यकात एक समजूत रूढ झाली, की पाच मायक्रॉनपेक्षा मोठा कण असला की तो लगेच खाली पडणार. प्रत्यक्षात ती सीमा शंभर मायक्रॉनच्या आसपास आहे. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा, म्हणजे बघा! त्या चुकीच्या आकड्यावर वर्षानुवर्षं सल्ले दिले गेले. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की कोविड हवेतून पसरत नाही. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र पत्र लिहून आक्षेप घेतला. संघटनेनं आपल्या माहितीत हे स्पष्टपणे घालायला एप्रिल २०२१ उजाडला. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं पत्रक काढलं, की हे कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, दारं-खिडक्या उघडा, एक्झॉस्ट पंखे लावा. चांगलं पत्रक होतं. पण तोवर आपल्या मनात बसलं होतं ते भाजी धुणं, रस्त्यावर औषध फवारणं आणि जमिनीवर चुन्याची वर्तुळं काढणं. पत्रक कुठे विरलं कोण जाणे, वर्तुळं मात्र राहिली.

आमच्या 'अहो'ंच्या भाच्याकडे, तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आहे. आपण श्वासातून हा वायू सोडतो, त्यामुळे खोलीत तो किती साठला यावरून दुसऱ्यांनी सोडलेला श्वास आपण किती घेतोय याचा अंदाज येतो. बाहेर मोकळ्यावर आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो. मी त्याला म्हटलं, बाबा, एकदा घेऊन ये. आम्ही पाच-सहाजणी माडीवर बसलो, खिडक्या लावल्या, तासभर गायलो. आकडा चढता चढता दीड हजाराच्या पुढे गेला. मग समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या. पंधरा मिनिटांत तो सातशेवर उतरला! एक रुपया खर्च न करता.

समोरासमोरच्या, हे मात्र महत्त्वाचं. एकच खिडकी उघडली तर हवा आत यायला आणि बाहेर जायला एकच वाट. दोन बाजूंनी उघडं असलं की झुळूक आरपार जाते. उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा, लगेच कळतं. (खोकणाऱ्या माणसापुढे नको, त्याला धुराचा आणखी त्रास.) छताचा पंखा हवा नुसती घुसळतो, बाहेरची आणत नाही. घरातला साधा एसी तर आतलीच हवा थंड करून परत आतच सोडतो. दारं-खिडक्या लावून एसी म्हणजे सगळ्यांनी एकमेकांचा श्वास गार करून घेणं! घरात कुणी आजारी असेल तर त्याच्या खोलीच्या खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवावा, म्हणजे हवा त्या खोलीतून बाहेर ढकलली जाते, उरलेल्या घरात येत नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू आणि पुढच्या खोलीची खिडकी किलकिली, एवढ्यानंही बराच फरक पडतो. आणि दवाखान्यात, गर्दीच्या बसमध्ये तोंडाला पदर लावून उपयोग नाही, बाजूनं हवा शिरतेच. नीट घट्ट बसणारा एन-९५ मास्क घ्यावा. आक्कांच्या वयाच्या बायकांनी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं. हात धुणं सोडायचं नाही, जुलाबासारखे आजार हातांवाटेच जास्त पसरतात.

डास येतात, धूळ येते, हे मला ठाऊक आहे. जाळी बसवा म्हणायला सोपं, खर्च नवऱ्याला पटवणं अवघड. पण जुन्या घरांत भिंतीच्या वरच्या अंगाला झरोके असत. ते कधी बंद होत नसत. नव्या स्लॅबच्या घरांत ते गेले आणि सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या. त्यांची अर्धी बाजू कायम बंदच! अंगणवाडीत जाते तेव्हा बघते, खिडकीशी खाऊची पोती नि तक्ते रचलेले असतात. शिकवण्यांचे वर्ग दुकानाच्या गाळ्यात भरतात, एक शटर सोडलं तर दुसरी वाट नाही, आत चाळीस पोरं. एकाला ताप आला की चार दिवसांत वर्ग ओस, आणि घरी बसून शुश्रूषा कुणाची जबाबदारी, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्या गावात आता नवं बहुउद्देशीय सभागृह व्हायचं घाटतंय. नकाशात दर्शनी भागाला सगळी न उघडणारी काच आणि एसी. ''शहरासारखं दिसलं पाहिजे,'' असं एक सभासद म्हणाले. वीज गेल्यावर तिथे काय होईल, असं मी विचारलं तर जनरेटर आहे म्हणाले. हवेचं काय? त्यावर कुणी बोललं नाही. हळदीकुंकू, बारसं, बचत गटाची सभा, लग्न, सगळं तिथेच होणार, आणि त्यात सर्वांत जास्त वेळ बसणार आपणच. आमच्या तीन बचत गटांनी मिळून अर्ज दिला आहे: दोन्ही लांब भिंतींना उघडणाऱ्या खिडक्या हव्यात, वर झरोके हवेत, आणि स्वयंपाकाच्या जागेला वेगळा एक्झॉस्ट. पोच घेतली आहे. पुढच्या महिन्यात विचारायला जाणार आहोत, सगळ्याजणी.

तालीम आता पुन्हा फक्त गुरुवारी. मी शेजारी जाऊन त्या मुलाला खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, ''काकू, मग मी तेवढे दोन तास मागच्या खोलीत बसेन की.'' इतकं सोपं होतं ते! परवा आक्का प्रथमच माडी चढून आल्या. खिडकीशी बसल्या, शाल घट्ट लपेटून. गायल्या नाहीत, टाळ धरला. मध्येच त्यांनी विचारलं, ''ती कुठे गं? अंगणवाडीतली?'' सगळ्या गप्प.

उद्या तिच्याकडे जाते आहे. खिडकी मीच लावली होती, हे तिला सांगायचं आहे.