सिंहासन कोणाचे?

राजाराण्यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या गोष्टींतला राजा शूर असतो. तो शत्रूला हरवतो, त्याला राज्य मिळते आणि गोष्ट संपते. पण राज्य हे राजाच्या मालकीचे असते का? आणि कर्तव्य करायचे म्हणजे मन कठोर करून मैत्री आणि माया विसरायची का? हे प्रश्न 'द रिटर्न ऑफ द किंग' या इंग्रजी कादंबरीने फार चांगल्या रीतीने मांडले आहेत. या नावाचा अर्थ आहे 'राजाचे पुनरागमन'.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अद्भुत कथेचा हा तिसरा आणि शेवटचा भाग. तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. टॉल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ते फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत होते. १९१८ पर्यंत आपल्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला होता, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. मैत्रीची किंमत त्यांना ठाऊक होती.

कथा थोडक्यात अशी. सॉरॉन नावाच्या दुष्ट सत्ताधीशाने एक अंगठी घडवली आहे. जो ती जवळ बाळगतो, त्याला सत्तेचा मोह पडतो. जेथे ती घडली, त्या धगधगत्या पर्वतात टाकली तरच ती नष्ट होईल. हे काम फ्रोडो नावाच्या हॉबिटवर येते. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे, शेतीवाडीत रमणारे साधे लोक. फ्रोडोबरोबर त्याचा माळी सॅम आहे. दुसरीकडे गॉन्डॉर या राज्याचे सिंहासन शेकडो वर्षे रिकामे आहे. राजाच्या वतीने तेथे कारभारी राज्य चालवतात. राजवंशातला वारस अ‍ॅरागॉर्न मात्र रानावनांत फिरून लोकांचे रक्षण करत आहे.

गॉन्डॉरच्या दरबारात उंचावर सिंहासन आहे आणि त्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर कारभाऱ्याची काळ्या दगडाची साधी खुर्ची आहे. 'राज्य ही तुझ्याकडे दिलेली अमानत आहे', हे ती खुर्ची रोज सांगते. अमानत हा शब्द उर्दूत आहे तसा मराठीतही आहे. कारभारी डेनेथॉर बुद्धिमान आहे, राज्यासाठी झिजलेलाही आहे. परंतु ही अमानत आपलीच आहे असे त्याला वाटू लागते. तो आपल्या मुलाला, फॅरामिरला, जवळजवळ निश्चित मृत्यूच्या तोंडी लढायला पाठवतो. मुलगा जखमी होऊन परत येतो, तेव्हा बाप निराशेने वेडा होतो. मुलासह स्वतःला जाळून घ्यायला तो चिता रचतो.

येथे बेरेगॉन्ड नावाचा एक साधा पहारेकरी पुढे येतो. पहारा सोडायचा नाही, हा त्याचा नियम. सोडला तर मृत्युदंड. तरीही तो पहारा सोडून धावतो आणि फॅरामिरच्या चितेकडे जाणारी वाट अडवून उभा राहतो. त्यात त्याच्या हातून कारभाऱ्याची माणसे मारली जातात. पुढे नवा राजा त्याचा न्याय करतो. तो गुन्हा नाकारत नाही. बेरेगॉन्डला शहर सोडावे लागते, पण त्याला नेमले जाते ते फॅरामिरच्याच रक्षक दलाचा प्रमुख म्हणून. नियम आणि माया यांत झगडा झाला, तर न्याय कसा करावा याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

अ‍ॅरागॉर्नचे मोठेपण कशात आहे? युद्ध जिंकल्यावर तो लगेच सिंहासनावर बसत नाही. साधा झगा पांघरून तो रात्री शहरात येतो आणि एका रानटी पाल्याने जखमींवर उपचार करतो. मग सुमारे ७ हजार लोक घेऊन तो शत्रूच्या दारावर चाल करून जातो. एवढ्या सैन्याने जय मिळणार नाही, हे त्याला माहीत आहे. शत्रूची नजर आपल्याकडे वळावी आणि फ्रोडोची वाट मोकळी व्हावी, एवढाच त्याचा हेतू. राजा स्वतःला आमिष करतो, दोन लहान मित्रांसाठी!

आणि ते मित्र? फ्रोडोला चालवेना, तेव्हा सॅम त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढतो. मित्राचे ओझे त्याला स्वतःवर घेता येत नाही. म्हणून तो मित्रालाच उचलतो. माझ्या मते, साऱ्या ग्रंथाचे सार या एका प्रसंगात आहे.

कोणी म्हणेल, "शेवटी फ्रोडो तर हरला. अंगठी टाकण्याऐवजी त्याने ती बोटात घातली." हे खरे आहे. अंगठीचा लोभी गॉलम ती हिसकावून घेतो आणि तोल जाऊन आगीत पडतो, म्हणून ती नष्ट होते. परंतु गॉलम जिवंत का होता? थोड्याच वेळापूर्वी सॅमने तलवार उगारूनही त्याला दया दाखवून सोडले होते. जे काम ताकदीने झाले नाही, ते दयेमुळे झाले.

या कादंबरीत एक उणीव मला जाणवते. पूर्वेकडील आणि दक्षिणेकडील माणसे बहुतेक शत्रू म्हणूनच येतात. त्यांची बाजू आपल्याला फारशी ऐकू येत नाही. मात्र राजा झाल्यावर अ‍ॅरागॉर्न त्यांना माफ करतो, त्यांच्याशी तह करतो आणि गुलामांना मुक्त करून जमीन देतो, हेही विसरू नये.

राज्याभिषेकाच्या दिवशी फॅरामिर कारभाऱ्याची पांढरी काठी राजापुढे धरतो. राजा ती त्यालाच परत देतो. बापाने अमानत मुठीत आवळली आणि सारे गमावले. मुलाने ती परत केली आणि मान मिळवला. त्याआधीच राजाने सॅम आणि फ्रोडोपुढे गुडघा टेकून त्यांना सिंहासनावर बसवले होते.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गाचा मॉनिटर असो, संघाचा कप्तान असो की घरातले थोरले भावंड, प्रत्येकाकडे थोडी सत्ता असते. ती आपली नव्हे, सोपवलेली आहे, हे ज्याला कळते, त्याला मित्रापुढे वाकताना कमीपणा वाटत नाही.