हिवाळी टायर आपल्याला नकोत, पण मृगाच्या आधी टायर बघायलाच हवेत

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे, पण गाडी असलेल्या प्रत्येकाच्या कामाची आहे. दुचाकीवाल्यांच्याही.

माझा भाचा जर्मनीत असतो. परवा फोनवर बोलताना म्हणाला, "मामा, इकडे थंडीचे टायर वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे असतात. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, मग परत उन्हाळी. तुमच्याकडे का नाही लावत?" हे मी चौकात सांगितलं तर एक जण लगेच म्हणाला, "आपण पण मागवू ना राजेहो, पकड चांगली राहते म्हणतात!" त्याच्या गाडीचे टायर हाताला गुळगुळीत लागत होते. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी सरळ उत्तर. वाशीम जिल्ह्यात हिवाळी टायर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. नुसते पैसेच जात नाहीत, धोकाही वाढतो.

कारण सोपं आहे. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्त्यावरची पकड सोडतं. हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ केलेलं असतं, थंडीतही ते लवचिक राहतं. त्यावर बारीक-बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. आता आपलं बघा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास, थंडीची लाट आली तर त्याच्या थोडा खाली. पण दुपारी बारा वाजता स्वेटर काढून कंबरेला बांधावं लागतं. आणि मे महिन्यात? ४२-४३ अंश. तापलेल्या डांबरावर हे मऊ रबर भराभर झिजतं, गाडी वळणावर लवचते आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला जास्त अंतर घेते. बर्फासाठी केलेली वस्तू मालेगाव-रिसोडच्या उन्हात काय कामाची?

कुणी म्हणेल, टायरवर "एम प्लस एस" लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ दोन्हीत चालतो. पण आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे. पावसात पांदण रस्त्यावर चार पावलं चाललं की चपलेला किलोभर माती. टायरच्या खाचाही तशाच भरतात. त्या चिखलातून ट्रॅक्टर जातो, कार जात नाही, टायर कोणताही असो.

मग जर्मनीकडून घ्यायचं काय? टायर नाही घ्यायचा, सवय घ्यायची. ते लोक ऋतू बदलायच्या आधी टायरकडे बघतात. आपण टायर फुटल्यावर बघतो.

आपला धोक्याचा ऋतू हिवाळा नाही. तो एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत आहे. आधी ऊन, मग पाऊस. उन्हात टायर फुटतो आणि पावसात घसरतो. नेमकं याच काळात आपल्या गाड्यांचे टायर सगळ्यात वाईट अवस्थेत असतात. का? कारण आपल्याकडे पैसा दसरा-दिवाळीला येतो, सोयाबीन निघाल्यावर. मे-जूनमध्ये जो रुपया हातात असतो तो बियाणं, खत आणि पोरांच्या फीमध्ये जातो. टायर गोटा झालेला असतो, पण "पेरणी होऊ दे, मग बघू" म्हणून तो अख्खा पावसाळा काढतो. यात आळस नाही, हिशेब आहे, हे मलाही कळतं. छोट्या कारचे चार टायर म्हणजे पंधरा-वीस हजार रुपये. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे हमीभावानं धरलं तरी तीन-चार क्विंटल सोयाबीन. आणि हमीभाव प्रत्यक्ष किती जणांच्या हातात पडतो, ते बाजार समितीत उभं राहिलं की कळतं.

पण गोटा टायर पावसात काय करतो तेही समजून घ्या. टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. रस्त्यावरचं पाणी त्यातून बाहेर फेकलं जातं, म्हणून रबर रस्त्याला टेकतं. खाचा संपल्या की पाणी मध्येच अडकतं आणि गाडी अक्षरशः पाण्यावर तरंगते. तेव्हा स्टेअरिंग फिरवा की ब्रेक मारा, उपयोग नाही. त्यात आपल्याकडे पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणलेली असते. अकोला-वाशीम-हिंगोली रस्त्यावर जूनमध्ये दुचाकी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट समृद्धीची. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या माणसाला अचानक ताशी १२० चा रस्ता मिळाला. रस्ता चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जो टायर सहा वर्षं गावातल्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगानं चालला, तोच आपण मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर दोन-दोन तास पळवतो. तिथं तो जुनेपण दाखवतो. २०२३ मध्ये परिवहन विभागानं या महामार्गावर टायर तपासून खराब टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नाही.

अर्थात सगळं खापर टायरवर फोडू नका. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ माणसं गेली. चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं होतं, पण परिवहन विभागाच्या अहवालात तसा पुरावा मिळाला नाही. झोप, वेग आणि नशा यांना चांगला टायर उत्तर देऊ शकत नाही.

आता आपल्याकडचे काही गैरसमज.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर फुटतो." उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, सारखी वाकते आणि त्यातूनच टायर आतून तापतो. कंपनीनं दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली हवा ठेवा, आणि ती सकाळी, गाडी पळायच्या आधी मोजा.

"नायट्रोजन भरला, आता चिंता नाही." साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायचा तर भरा, पण झिजलेला टायर त्यानं नवा होत नाही.

"खाचा कोरून घेतल्या, काम झालं." कारच्या गोटा टायरवर गरम पातीनं खाचा कोरणं म्हणजे उरलंसुरलं रबरही कापणं. समृद्धीवर तर असा टायर नेऊच नका.

"दोनच नवे घेतले, पुढे लावले." दोनच परवडत असतील तर नवे मागे लावा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सावरता येत नाही.

तपासणी फुकट आहे. टायरच्या खाचेच्या तळाशी एक आडवी उंच पट्टी असते. रबर झिजून त्या पट्टीला टेकलं की खाच १.६ मिलिमीटर उरली. कारसाठी कायद्याची हद्द तीच. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर खाचा असूनही जाणत्या माणसाला दाखवा. बाजूला फुगवटा किंवा चिरा दिसल्या तर वाट बघू नका. आणि स्टेपनीची हवा? ती तर आपण फक्त गाडी घेताना बघितलेली असते.

माझं म्हणणं एवढंच. पाडव्याला आपण सालदार ठरवतो, वर्षाचा हिशेब मांडतो. त्याच दिवशी टायर बघा. वर्षभर चालणार नाही असं वाटलं तर पेरणीच्या खर्चातच ते धरा आणि मृगाच्या आधी बदला. दिवाळीला सोयाबीन विकलं की त्यातले थोडे पैसे टायरच्या नावानं बाजूला ठेवता आले तर आणखी चांगलं. मोबाईलसाठी ठेवतोच ना आपण?

आणि प्रशासनाला तीन विनंत्या. एक, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी परिवहन कार्यालयानं सहाही तालुक्यांत शाळेच्या गाड्या आणि काळी-पिवळीचे टायर तपासावेत. दोन, मे महिन्यात बाजार समितीच्या आवारात शिबिर घ्यावं, पहिल्या वेळी दंड न करता लेखी समज द्यावी. चलन फाडलं तर माणूस पुढच्या वेळी शिबिराकडे फिरकणारच नाही. तीन, पेट्रोल पंपावर हवा मोफत देणं बंधनकारक आहे, पण मला कितीतरी वेळा "मशीन बंद आहे" हेच उत्तर मिळालंय. ही मशीन चालू आहेत का आणि काटा बरोबर दाखवतात का, हे कुणीतरी बघावं.

आज संध्याकाळी गाडीजवळ जा, चारही टायरवरून हात फिरवा, दुचाकी असेल तर दोन्हीवरून. पाच मिनिटांचं काम आहे. पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. शाळेची गाडी चालवणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला आधी पाठवा.