हलका हात आणि कवटीचा ‘ताल’

तान्ह्या बाळाची टाळू तुम्ही पाहिलीच असेल. आमच्या नालासोपाऱ्यात आजही बाळंतिणीच्या घरी सकाळी मालीश करणारी बाई येते. बाळाचे अंग चोळून झाले, की ती टाळूवर तेल घालते. त्या मऊ जागेकडे नीट निरखून पाहा. ती लयीत उडताना दिसते. तेथे कवटीची हाडे अजून एकमेकांना जुळलेली नसतात. त्यामुळे हृदयाचे ठोके कातडीवर उमटतात. पुढे साधारणपणे दीड-दोन वर्षांत ही जागा भरून येते.

हे सांगायचे कारण असे, की मोठ्या माणसांच्या कवटीतही असाच एक ताल हाताला लागतो, असे मानणारी एक उपचारपद्धती आहे. तिचे नाव क्रेनिओसॅक्रल थेरपी. अमेरिकेतील विल्यम सदरलँड यांच्या कल्पनेवर ती आधारलेली असून १९७०च्या दशकात जॉन अप्लेजर यांनी तिला हे रूप दिले. मेंदू आणि मज्जारज्जू यांभोवतीच्या द्रवाला मिनिटाला ६ ते १२ वेळा स्वतंत्र भरती-ओहोटी येते, ती बिघडली की दुखणी होतात, आणि डोक्याला व माकडहाडाच्या वरच्या भागाला हळुवार स्पर्श करून ती सुधारता येते, असा तिचा दावा आहे. दाब किती? सुमारे ५ ग्रॅम वजनाइतका, म्हणजे ०.०५ न्यूटन. चहाच्या चमच्यातील पाण्याचे वजन साधारण एवढेच असते.

आता आपण विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून विचार करू. हा द्रव खरा आहे. हृदयाच्या ठोक्यांबरोबर आणि श्वासाबरोबर तो हलतो, हेही खरे. प्रश्न आहे तो तिसऱ्या, स्वतंत्र तालाचा. तो खरा असेल, तर वेगवेगळ्या हातांना तो सारखाच लागला पाहिजे.

ही कसोटी कशी लावायची, ते वर्गातच करून पाहा. एका मित्राच्या दोन मनगटांची नाडी दोघांनी एकाच मिनिटात मोजावी आणि एकमेकांना न सांगता आकडे लिहावेत. थोड्या सरावाने आकडे जवळजवळ सारखे येतात. नाडी मोजणाऱ्याच्या मनात नसते, ती मनगटात असते. १९९४ साली अमेरिकेत अशाच प्रकारे तीन उपचारकांनी १२ जणांचा ‘कवटीचा ताल’ मोजला. त्यांच्या आकड्यांत मेळ बसला नाही. मग हाताला जाणवते ते काय? स्वतःच्याच बोटांतील नाडी, रुग्णाचा श्वास, आणि मनातली अपेक्षा. यांतून ताल ‘सापडणे’ अवघड नाही, आणि उपचारक प्रामाणिक असला तरी ते घडू शकते.

तुम्ही म्हणाल, “पण सर, लोकांना बरे वाटते!” वाटणारच. चर्चगेटहून उभ्याने लोकलचा प्रवास करून आलेल्या माणसाला शांत खोलीत निजवले आणि मायेने डोक्यावर हात ठेवला, तर त्याचा ताण हलका होईल. आजीचा हात हेच करतो. त्या स्पर्शाची किंमत मी मुळीच कमी करीत नाही. परंतु आराम वाटणे वेगळे आणि रोग बरा होणे वेगळे. आरामाच्या आधारावर रोगाचे निदान करू लागणे, हे मला मान्य नाही.

आणि हीच फूटपट्टी आपण आपल्या घरातल्या समजुतींनाही लावली पाहिजे. नाहीतर परदेशी दाव्याला हसण्याचा आपल्याला काय अधिकार? जुलाब होणाऱ्या बाळाची टाळू खोल गेली, तर “टाळू पडली” म्हणून तिच्यावर तेल भरत बसतात. वास्तविक ती अंगातले पाणी कमी झाल्याची खूण असते. अशा वेळी आईचे दूध चालू ठेवावे, जलसंजीवनी द्यावी आणि बाळाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. बाळ रडत नसतानाही टाळू फुगलेली व ताठ दिसली, तर क्षणभरही थांबू नये.

हलका हात जरूर ठेवा. मात्र तो हात दवाखान्याच्या वाटेत आडवा येऊ देऊ नका.