शंभर म्हणजे नेमके किती?

आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींनो, आजचा हिशेब तुमच्यासाठी आहे. आईवडिलांनीही वाचावा. गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

सर्किटातल्या रेझिस्टरवर रंगीत पट्टे असतात. त्यातला टॉलरन्सचा पट्टा सोनेरी असेल तर पाच टक्के, चंदेरी असेल तर दहा टक्के कमी-जास्त चालते. म्हणजे चंदेरी पट्ट्याचा १०० ओहमचा रेझिस्टर ९० ते ११० ओहममध्ये कुठेही असू शकतो.

हे संगणकाला कसे सांगायचे? लिस्प ही भाषा अमेरिकेतील एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली आखायला घेतली. तिच्यात कंसात आधी कामाचे नाव, मग आकडे लिहितात: (कॉन्स ९० ११०). कॉन्स दोन आकड्यांची जोडी बांधते. कार त्यातला पहिला देते, कडर दुसरा. मग मधला आकडा आणि टक्के घेऊन अशी जोडी करून देणारे काम आपणच लिहायचे. १०० चे दहा टक्के १०; ते एकदा वजा, एकदा अधिक. झाले!

खरी मेख पुढे आहे. असे दोन रेझिस्टर समांतर जोडले. दोघांच्या गुणाकाराला बेरजेने भागा, हे नेहमीचे सूत्र. गुणाकार ८१०० ते १२१००, बेरीज १८० ते २२०. संगणक उत्तर देतो, सुमारे ३७ ते ६७ ओहम. आता दुसरे सूत्र. १ ला प्रत्येक रेझिस्टरने भागा, उत्तरांची बेरीज करा, त्या बेरजेने पुन्हा १ ला भागा. उत्तर ४५ ते ५५!

कागदावर दोन्ही सूत्रे एकच. मग फरक का? पहिल्या सूत्रात प्रत्येक रेझिस्टर दोनदा येतो. तो एकच आहे हे संगणकाला कळत नाही. तो वर ९० धरतो आणि खाली त्याच रेझिस्टरचे ११०. दुसऱ्या सूत्रात प्रत्येक रेझिस्टर एकदाच येतो, म्हणून ते उत्तर खरे.

याने काय बिघडते? मीटरवर ६० ओहम दिसले तर पहिल्या उत्तराप्रमाणे माल पास होईल. प्रत्यक्षात निदान एक रेझिस्टर हद्दीबाहेरचा आहे.

सोनेरी पट्ट्याचे २०० ओहमचे दोन रेझिस्टर घेऊन दोन्ही हिशेब वहीत करा. दुसऱ्या सूत्राने ९५ ते १०५ यायला हवे.