बाटली तुमची, ग्लास कुणाचा?

हॉटेलात जाताना वाईनची बाटली आपली आपण घेऊन जायची. हॉटेलवाला ती उघडून देणार, उंच देठाचे ग्लास मांडणार आणि नुसत्या उघडण्याचे पैसे बिलात लावणार. ह्या पैशाला कॉर्केज म्हणतात. बूच काढण्याची मजुरी. मी गोदीत पोती उतरवण्याची मजुरी घेतो, तेव्हा मजुरीला माझी हरकत नाही. पण ह्या चालीभोवती पांढरपेशांनी जे नवं सोवळं उभं केलंय त्याबद्दल बोलायचं आहे. आधी फोन करून विचारावं म्हणे. हॉटेलच्या यादीतलीच बाटली नेऊ नये. अगदी स्वस्तातली नेऊ नये, मालकाचा अपमान होतो. पहिला घोट वाढणाऱ्याला चाखायला द्यावा. असं बरंच.

हॉटेलात आपलं आपण घेऊन जाण्याची रीत आमच्या माणसांना शिकवायला नको, दोस्तहो. माझा आजा चंदगड तालुक्यात बाजाराला जायचा तेव्हा हॉटेलात त्याचा कप वेगळा होता. कान तुटलेला, बाहेर वळचणीला खोचलेला. आपणच काढायचा, विसळायचा, पुढं धरायचा, वरनं चहा पडायचा. पिऊन झाला की धुऊन परत वळचणीला. पैसे लांबनं खाली ठेवायचे, ते पाणी शिंपडून उचलले जायचे. कप फुटला असला तर आजा घरनं करवंटी न्यायचा. चहाचा दर सगळ्यांना एकच, धुण्याची मजुरी मात्र गिऱ्हाइकाकडं. ह्यालाही रीतच म्हणत होते.

म्हणजे एकाच वाक्याचे दोन अर्थ. 'तुमचं तुम्ही आणा.' एकाला ती हौस, दुसऱ्याला तो बहिष्कार. ज्याला हॉटेलचा ग्लास मिळतो आणि तरी घरची बाटली नेतो तो रसिक. ज्याला हॉटेलचा ग्लासच मिळत नाही तो महार. शिष्टाचाराची पुस्तकं पहिल्यासाठीच लिहिली जातात.

खरं तर आमच्या कोल्हापुरात ह्याचा निकाल शंभर वर्षांमागंच लागायला हवा होता. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना फोडून काढलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. नाव सत्यसुधारक. हॉटेल टापटीप, चहा फक्कड, गिऱ्हाईक नाही. मग महाराज स्वतः गाडी तिथं थांबवून चहा मागवू लागले. आपण पीत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. आता बघा, राजाला राजवाड्यातनं आपला चहा, आपला पेला आणता आला असता, कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी गंगारामांचा चहा मागितला. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखान्यांत शिवाशिव पाळायची नाही असे हुकूम काढले. पण माझ्या लेखी त्या हुकमांइतकाच तो चहा मोठा.

पुढं बाबासाहेबांच्या घटनेत पंधराव्या कलमात दुकानं आणि हॉटेलं नाव घेऊन आली. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. त्यालाच १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याचं चौथं कलम वाचा. हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या कारणानं कुणाला अडवणं हा गुन्हा आहे. भांडी! कपबशीसाठी ह्या देशाला कायदा करावा लागला. आणि हे आम्हाला ग्लास कुठल्या बोटांनी धरावा ते शिकवतात.

आजाचा कप गेला. आता त्याच रस्त्यावर बाटली आलीय. दोडामार्गाकडनं तिलारी घाट चढून वर आलं की आमचा चंदगड तालुका. गोव्यात कर कमी म्हणून दारू स्वस्त. सुट्टीच्या दिवशी गाड्या घाट चढतात, डिकीत गोव्याची बाटली. घाटमाथ्याचं धुकं बघायचं, पारगड बघायचा आणि मग रस्त्याकडेच्या ढाब्यावर, खानावळीत बसायचं. फोन करून विचारणं वगैरे काही नाही. ग्लास मागायचे, सोडा मागायचा, चकणा मागायचा, बाटली टेबलाखाली. मालक नको म्हणाला तर जेवणही नको, गाडी पुढच्या ढाब्यावर.

ह्यात कायदा कुणाच्या मानेवर बसतो ते सांगतो. गोव्याची बाटली परवान्याशिवाय इकडं आणणं हाच मुळात गुन्हा. परमिट रूमचं लायसन नसलेल्या जागी दारू प्यायला बसवलं तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं ६८ कलम मालकाला, त्यात तुरुंग आहे. पिणाऱ्याला ८४ कलम, त्यात दंड. गाडीवाला दंड भरून बेळगावला घरी जाईल. ढाबेवाल्याचा धंदा बसेल आणि पाणी देणाऱ्या पोराचं नाव पंचनाम्यात येईल ते वेगळंच. आमच्याकडचा एक ढाबेवाला मला म्हणाला, "बाटली त्येंची आस्ती रं, केस माझी आस्ती." कॉर्केजचं इतकं सरळ गणित मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरीकडं असंही करता येतं. न्यूझीलंडात १९७६ साली आपली बाटली आणू देणाऱ्या हॉटेलांसाठी वेगळं लायसनच काढलं. छोट्या मालकाला दारूचा साठा नको, मोठी फी नको, आणि गिऱ्हाइकालाही चोरी नको. आपल्याकडं कायदा कायम दोन तोंडांनी बोलत आला. १९४९च्या दारूबंदीत बड्यांना तब्येतीच्या नावावर परमिट आणि वस्तीत हातभट्टीवर धाड. २०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायचं ठरवलं, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे असंही आम्हाला ऐकवलं गेलं. आरडाओरड झाली, निर्णय अडला. द्राक्षाची ती वाईन, मोहाची ती दारू. आणि ज्या दुकानावर 'वाईन शॉप' अशी पाटी असते तिथं रांग क्वार्टरची असते, हा विनोद तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे.

कुणी म्हणेल, १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि तू बाटलीचा रिवाज काय सांगतोस? मी पीत नाही. माझ्या टोळीतल्या पिणाऱ्यांचे संसार मी बघितलेत. पण टेबल पुसणारं पोरगं आमच्या वस्तीतलं आहे, नाहीतर धनगरवाड्यावरचं आहे. प्रतिज्ञा त्याच्या घरीही आहे आणि तरी रात्री अकराला त्याला दुसऱ्याच्या ओकाऱ्या काढाव्या लागतात. म्हणून हा विषय माझा.

तर माझी रीत अशी. विचारायचं ते मालकाला, आणि बसायच्या आधी. 'लायसन हाय का' हे विचारायची लाज वाटू नये. नसेल तर बाटली डिकीतनं काढूच नये, भाकरी-आमटी खाऊन उठावं. लायसन असेल आणि मालक हो म्हणाला तर तो मागेल ते पैसे द्यावेत, घासाघीस करू नये. बाटली आपली असली तरी टेबल, बर्फ, पाणी, ग्लास आणि ग्लास धुणारा हात हॉटेलचा आहे. त्या हाताला वेगळे पैसे द्यावेत, त्याच्याच हातात, मालकाच्या गल्ल्यात नव्हे. आणि पोराला घोट चाखायला देऊ नये. परदेशात ती सभ्यता असेल, इथं ते पोरगं नाही म्हणू शकत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला पाजणं ह्याला मी सभ्यता म्हणत नाही. 'ए पोऱ्या' म्हणून हाकही मारू नये, त्याला नाव आहे.

हॉटेलवाल्यांनाही एक सांगणं आहे. गाडीवाल्यांना काचेचा आणि ऊसतोडीच्या गड्याला कागदी, हे बंद करा. ज्या ग्लासात साहेब पितो त्याच ग्लासात गड्याला पाणी द्या. नाहीतर कुणीतरी चौथं कलम घेऊन पोलीस ठाण्यात जाईल, आणि मी त्याच्याबरोबर जाईन.

राहता राहिली रिकामी बाटली. ती आणली तशी गाडीत घालून परत न्यावी. ढाब्यामागं भिरकावलेली बाटली बांधावर फुटते. पावसाळ्यात त्या बांधावरनं रोप लावायला अनवाणी जाणाऱ्या बाया कुठल्या वस्तीतल्या असतात, हे चंदगडात सगळ्यांना ठाऊक आहे.