गॅरेजमध्ये अडगळ, मोटार रस्त्यावर

मोटारीसाठी बांधलेल्या गॅरेजमध्ये मोटार नसते, हा अनुभव शहरी महाराष्ट्राला आता नवा राहिलेला नाही. पुण्याचा डेक्कन जिमखाना असो की दादरची हिंदू कॉलनी, जुन्या घरांच्या गॅरेजांतून कोठे इस्त्रीचे दुकान थाटलेले आढळते, कोठे दवाखाना, तर कोठे शिकवणीचा वर्ग. उरलेल्यांची कुलपे उघडली तर आत जुन्या गाद्या, पत्र्याच्या ट्रंका, रद्दीचे गठ्ठे, गणपतीचे मखर आणि मुलांना लहान झालेल्या सायकली सापडतील. त्याच घरची मोटार मात्र फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस सोशीत उभी असते.

याला घरमालकांचा आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे; परंतु त्यामागे एक पक्का व्यवहारी हिशेब आहे. वाड्यात माळा असे, अडगळीची खोली असे, परसात लाकूडफाटा रचावयास जागा असे. सदनिकेत या साऱ्यांची हकालपट्टी झाली आणि सामान मात्र वाढतच गेले. गादी रस्त्यावर ठेवली तर ती सकाळी जागेवर सापडणार नाही. मोटार ठेवली तर सापडते, आणि बहुतेक गल्ल्यांतून तिच्यासाठी छदामही मोजावा लागत नाही. घरातील चीजवस्तूंपैकी सार्वजनिक रस्त्यावर फुकट ठेवता येण्याजोगी वस्तू एकच, आणि नेमकी तीच आकाराने सर्वांत मोठी. मग छपराखालची जागा इतर सामानाने बळकावली, यात नवल ते कसले?

ही केवळ आपल्याकडील जागाटंचाईची कहाणी नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ ते २००५ या काळात लॉस एंजेलिसमधील ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांची बारकाईने पाहणी केली. २०१२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे तीन-चतुर्थांश गॅरेजांतून सामानाने मोटारीला हुसकावून लावल्याचे आढळले. ती घरे आपल्या मानाने कितीतरी ऐसपैस. तरीही हिशेब तोच.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. नव्या इमारतीच्या नकाशात मोटारींसाठी नियमानुसार जागा दाखवावी लागते, आणि या कामासाठी राखलेली जागा सामान्यतः चटईक्षेत्रात मोजली जात नाही. एका मोटारीस साधारणतः अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा लागते. मुंबईच्या बीडीडी चाळींत कामगारांच्या कित्येक पिढ्यांनी १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार केले, हे ध्यानात घेतले म्हणजे या सवलतीचे मोल उमगते. ती दिली जाते मोटार रस्त्यावरून हटावी म्हणून. परंतु भोगवटा प्रमाणपत्र एकदा हाती पडले की तेथे मोटार उभी आहे की कपाटे, हे पाहावयास सहसा कोणी फिरकत नाही.

न्यायालयांत भांडणे झाली ती बव्हंशी मालकीची. दहिसरच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीखालची पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामाईक असून बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही. सदनिकाधारकांच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा होता. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने गॅरेजची व्याख्याही केली : वर छप्पर, तीन बाजूंना भिंती आणि वाहन उभे करणे हा हेतू. चौथ्या बाजूला प्रत्यक्षात लोखंडी शटर येते, आणि शटर खाली ओढले की हेतू कोणाच्या दृष्टीस पडत नाही. वापराचा प्रश्न असा मागेच राहिला.

मे २०२५ मध्ये राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याखेरीज नव्या मोटारीची नोंदणी होऊ न देण्याचा मनोदय जाहीर केला. या कल्पनेचा नमुना जपानने फार पूर्वी घालून दिला आहे. तेथील १९६२ च्या कायद्यानुसार मोटार ठेवावयाची जागा मालकाला दाखवावी लागते, ती घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते आणि तिचा दाखला पोलीस देतात. परंतु त्याच कायद्याचे दुसरे अंग आपल्याकडील चर्चेत क्वचितच येते. रस्त्यावर एकाच जागी बारा तासांहून अधिक, आणि रात्रीच्या वेळी आठ तासांहून अधिक काळ मोटार उभी ठेवणे तेथे निषिद्ध आहे. दाखला घेऊन गॅरेज ट्रंकांनी भरणाऱ्यास हे दुसरे कलमच अडवते. ते वगळून नुसता दाखला उचलला तर आपल्याकडे विपरीतच घडेल. ज्याचे गॅरेज छतापर्यंत भरलेले आहे त्या बंगलेवाल्याला नकाशाच्या बळावर दाखला मिळेल, आणि चाळीत राहून मोटार भाड्याने चालवू पाहणारा मात्र दारातूनच परत फिरेल.

या फुकटच्या जागेची किंमत आज मोजतो तो बसथांब्याकडे निघालेला कारकून आणि शाळेत पायी जाणारा विद्यार्थी. पदपथ अडलेला, म्हणून ते वाहत्या रस्त्यावर उतरतात. आगीचा बंब गल्लीत शिरू शकत नाही तो याच रांगांमुळे. पार्किंगचे शुल्क जमिनीच्या मोलाशी सुसंगत असावे, असे केंद्र सरकारचे नागरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगत आले आहे. पुणे महापालिकेने २०१८ साली सशुल्क पार्किंगचे धोरण आणले. विरोध होताच ते प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरते आखडले गेले, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तेवढ्या पाच रस्त्यांवरही त्याचा अंमल झाला नाही.